ऑरेंज (न्यू साउथ वेल्स): 69 वर्षांचा बालेकिल्ला आणि 50 मतांचा निकाल

मतपेटी

ऑस्ट्रेलियाच्या राजकारणावरचे इथले धागे कॅनबेरात सुरू होतात आणि कॅनबेरातच संपतात. म्हणून हा धागा मुद्दाम एकाच ग्रामीण विधानसभा मतदारसंघापुरता ठेवतोय. ऑरेंज. सिडनीहून ब्लू माउंटन्स ओलांडून पश्चिमेला साधारण 250 किमी. नावाला ऑरेंज, पण हवा थंड, त्यामुळे पिकतात सफरचंदं आणि चेरी. शेजारी कडियाची सोन्या-तांब्याची खाण. 2015 पासून मतदारसंघात ऑरेंज शहर आणि कबॉन, पार्क्स, फोर्ब्स हे तीन शायर (म्हणजे ग्रामीण कौन्सिलचे भाग) येतात.

मतदारसंघ 1859 चा. 1920 ते 1927 या काळात राज्यात प्रमाणबद्ध, बहुसदस्यीय पद्धत होती. तेव्हा तो बॅथर्स्टमध्ये विलीन झाला आणि 1927 ला पुन्हा वेगळा झाला. 1941 ते 1947 लेबरचे बॉब ओ'हॅलोरन आमदार होते. 1947 ला कंट्री पार्टीच्या चार्ल्स कटलरनी त्यांना पाडलं आणि पुढची 69 वर्षं ही जागा कंट्री पार्टीकडे, म्हणजे नंतरच्या नॅशनल पार्टीकडे राहिली. एवढ्या काळात आमदार किती? चार. कटलर, गॅरी वेस्ट, रसेल टर्नर, अँड्र्यू गी. कटलर 1959 पासून पक्षनेते आणि 1965 ते 1975 डेप्युटी प्रीमियर (प्रीमियर म्हणजे राज्याचे मुख्यमंत्री, हे त्यांचे उप), म्हणजे सीटचं वजनही मोठं.

गी यांनी फेडरल निवडणूक लढवायला राजीनामा दिला, आणि 12 नोव्हेंबर 2016 च्या पोटनिवडणुकीत ही जागा शूटर्स, फिशर्स अँड फार्मर्स पार्टीच्या फिलिप डोनाटोनी घेतली. फेरमोजणीनंतर फरक 50 मतांचा. त्या पक्षाची विधानसभेतली ही पहिलीच जागा. तीन दिवसांत नॅशनल्सचे नेते आणि डेप्युटी प्रीमियर ट्रॉय ग्रँट यांचं नेतेपद गेलं आणि जॉन बॅरिलारो आले.

वर्तमानपत्रांनी "कुत्र्यांच्या शर्यतीवरच्या बंदीने सरकारला चावा घेतला" या थाटात विषय मिटवला. कुत्री महत्त्वाची होतीच, पण तेवढ्याने हा निकाल उलगडत नाही. जाणकारांनी लिहावं.

गोदाकाठ

बंदीच्या तारखा समोर ठेवल्याशिवाय राग कळत नाही, म्हणून आधी त्या.

फेब्रुवारी 2015: शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांना सरावासाठी जिवंत प्राणी आमिष म्हणून वापरतात हे सरकारी वाहिनी एबीसीच्या 'फोर कॉर्नर्स'ने दाखवलं. राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मायकेल मॅकह्यू यांचा विशेष आयोग नेमला. शर्यतीत चालत नाहीत म्हणून 12 वर्षांत 48,000 ते 68,000 कुत्री मारली गेली असावीत, असा आयोगाचा अंदाज.
7 जुलै 2016: लिबरल-नॅशनल आघाडी (कोअॅलिशन) सरकारचे लिबरल प्रीमियर माइक बेअर्ड यांनी 1 जुलै 2017 पासून संपूर्ण बंदी जाहीर केली. फेडरल निवडणूक होऊन पाचच दिवस झाले होते.
ऑगस्ट: कायदा मंजूर. नॅशनल्सच्या कॅटरिना हॉजकिन्सन, केव्हिन हम्फ्रीज आणि ख्रिस गुलाप्टिस या तिघांनी सरकारविरोधात मत दिलं.
11 ऑक्टोबर: बंदी मागे.
12 नोव्हेंबर: मतदान.

म्हणजे मतदानाच्या दिवशी बंदी नव्हतीच! तरीही फटका बसला. कारण माघार घेतल्याने श्वानमालकांचा विश्वास परत आला नाही, आणि प्राणिप्रेमी मतदार होता तोही गेला. खेड्यापाड्यातल्या लोकांना खटकलं ते हे की निर्णय सिडनीत झाला आणि आपले नॅशनल्सवाले मान डोलावून आले. ग्रँट स्वतः त्या खात्याचे मंत्री, घोषणेच्या वेळी बेअर्ड यांच्या शेजारी उभे. "कोअॅलिशनमध्ये तुमची किंमत काय?" हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक सभेत आला असणार, यात नवल नाही.

शिरपा

कुत्री + कौन्सिल (तिथली स्थानिक स्वराज्य संस्था). दुसरं जास्त महत्त्वाचं, असं माझं मत.

सरकारला ऑरेंज, ब्लेनी आणि कबॉन या तीन कौन्सिल एकत्र करायच्या होत्या. ऑरेंज हे मोठं शहर, बाकी दोन खेडवळ शायर. मोलोंग, कॅनोविंड्रा, कडल, मनिल्ड्रा, युगाउरा ही कबॉनची गावं. तिथे कौन्सिल हे नुसतं रस्ते-कचऱ्याचं ऑफिस नसतं; ग्रेडर चालवणारा, हिशेब बघणारी, ग्रंथालयवाली अशा गावातल्या पक्क्या नोकऱ्या तिथेच असतात. ते ऑफिस ऑरेंजला गेलं की मागोमाग नोकऱ्या जातात, आणि मग शाळेतली पोरंही कमी होतात. मे 2016 मध्ये राज्यात 19 नव्या कौन्सिल एका फटक्यात जाहीर झाल्या. ऑरेंजचं प्रकरण मात्र लटकत राहिलं. लटकतं ठेवणं हे सरकारसाठी सगळ्यात वाईट ठरलं, कारण निर्णय झाला असता तर निदान विषय जुना झाला असता.

बेअर्ड जानेवारी 2017 मध्ये गेले. नव्या प्रीमियर ग्लॅडिस बेरेजिक्लियन आणि बॅरिलारो यांनी फेब्रुवारीतच ग्रामीण भागातली रखडलेली विलीनीकरणं सोडून दिली. 50 मतांची किंमत!

पोटनिवडणुकीच्याच वर्षी, 2016 ला, ऑरेंजमधला इलेक्ट्रोलक्सचा फ्रिजचा कारखाना बंद झाला, सुमारे पाचशे नोकऱ्या गेल्या. त्याचा दोष राज्य सरकारवर येत नाही, पण शहराचा मूड काय असेल ते समजून घ्या.

कांचनगंगा

दोन बाळबोध शंका.
1) 2015 ला नॅशनल्सना 65 टक्क्यांच्या वर पहिल्या पसंतीची मतं होती ना? एवढी मतं एकदम जातात कुठे?
2) शूटर्सना पहिल्या पसंतीची मतं 24 टक्क्यांच्या आसपास, नॅशनल्सना 31-32. मग कमी मतंवाला जिंकला कसा? हे तर आपल्याकडच्या पदवीधर मतदारसंघासारखं वाटतंय.

मतपेटी

दुसरी शंका आधी घेतो. पदवीधरची तुलना बरोबर आहे, फक्त एक फरक मोठा.

न्यू साउथ वेल्सच्या विधानसभेला 1981 च्या निवडणुकीपासून ऐच्छिक पसंतीक्रम आहे. चौकोनात 1 लिहिलं की मत वैध. पुढचे आकडे लिहा किंवा नका लिहू. 2 हा आकडा चुकून दोघांपुढे लिहिला, तरी मत बाद होत नाही. पहिली पसंती धरतात आणि तिथून पुढे ते मत थांबतं. सगळ्यात कमी मतं असलेला उमेदवार बाद करायचा, त्याच्या प्रत्येक मतपत्रिकेवरची पुढची पसंती बघायची, मत तिकडे द्यायचं. पुढची पसंतीच नसेल तर मतपत्रिका 'एक्झॉस्ट', म्हणजे मोजणीतून बाहेर.

काल्पनिक आकडे घेऊ, ऑरेंजचे खरे आकडे नव्हेत. एकूण 1,000 वैध मतं. नॅशनल 320, शूटर्स 240, लेबर 180, बाकी छोटे सगळे मिळून 260.

छोटे एकेक करून बाद झाले. त्यांच्या 260 पैकी 110 एक्झॉस्ट, 50 नॅशनलला, 75 शूटर्सना, 25 लेबरला. आता नॅशनल 370, शूटर्स 315, लेबर 205.
लेबर बाद. त्या 205 पैकी 85 एक्झॉस्ट, 32 नॅशनलला, 88 शूटर्सना.
शेवटी नॅशनल 402, शूटर्स 403.

मोजणीत उरली 805 मतं, त्यातली अर्ध्याहून जास्त शूटर्सकडे. संपलं. एकूण मतांच्या जेमतेम 40 टक्क्यांवर आमदार निवडून आला आणि 195 मतपत्रिका वाटेतच राहिल्या. एक्झॉस्ट झालेल्यांपैकी अगदी दोन मतपत्रिकांवर पुढे नॅशनलला पसंती असती तर निकाल उलटा!

आता फरक. आपल्याकडे पदवीधरच्या जागेला कोटा सुरुवातीलाच ठरतो: वैध मतं भागिले दोन अधिक एक, वरच्या उदाहरणात 501. मतं संपत गेली तरी कोटा खाली येत नाही. कुणीच तिथवर पोचलं नाही तर शेवटी उरलेला जिंकतो. न्यू साउथ वेल्समध्ये अर्ध्याची रेघ दर फेरीला उरलेल्या मतांवर पुन्हा आखली जाते. आणि आपल्याकडचा तो आयोगाचा जांभळा पेन तिथे नाही. स्वतःचं पेन चालतं.

वाळवंटी_उंट

पहिल्या शंकेचं उत्तर: मतं "एकदम" गेलीच नाहीत. ती कधी पक्की नव्हतीच.

ऑरेंजच्याच लोकांनी त्याच काळात फेडरल निवडणुकीत काय केलं ते बघा. शहर फेडरल कॅलारे मतदारसंघात. 1983 ते 1996 तिथून लेबरचे डेव्हिड सिमन्स. 1996 ते 2007 पीटर अँड्रेन, अपक्ष, आधी टीव्हीवर बातम्या देणारे. सलग चार निवडणुका जिंकले, शेवटच्या तर अगदी आरामात. म्हणजे एकाच आठवडी बाजारात फिरणारा तोच माणूस राज्याला नॅशनल आणि फेडरलला अपक्ष असं वर्षानुवर्षं करत होता. ज्याला सगळे बालेकिल्ला म्हणत होते तो फक्त एका मतपत्रिकेवर होता. राज्यात तगडा अपक्ष उभा राहिला नाही किंवा वातावरण तापलं नाही तोवर 65 टक्के दिसले, एवढंच.

शिवाय 21.7 टक्क्यांचं "मार्जिन" म्हणून जो आकडा सगळीकडे फिरत होता, तो नॅशनल विरुद्ध लेबर असा होता, 71.7 ला 28.3 (मार्जिन म्हणजे 50 च्या वरचे टक्के). ऑरेंजमध्ये शेवटच्या दोघांत लेबर पोचलंच नाही. लेबरचा मतदार कितीही चिडला तरी नॅशनल्सना धोका नव्हता. धोका होता तो लेबरच्या मतपत्रिकांवरच्या 2 या आकड्यात. ग्रामीण सीटचं मार्जिन वाचताना "कोणाविरुद्ध?" हे विचारलं नाही तर तो आकडा निरुपयोगी आहे. अगदी अनुभवी पत्रकारही इथे गोता खातात.

बिनशर्त

+1 वाळवंटी_उंट. एक भर घालतो. कोअॅलिशनच्या समझोत्यामुळे नॅशनलच्या जागेवर लिबरल उमेदवार उभा नसतो. सिडनीच्या लिबरल प्रीमियरवर चिडलेल्या माणसाला राग काढायला मतपत्रिकेवर एकच नाव होतं, नॅशनलचं. स्कॉट बॅरेट बिचारे त्या रागाचे धनी झाले.

पण नुसत्या नाराजीने सीट पडते हे पटत नाही. 12 नोव्हेंबरलाच कँटरबरी आणि वोलोंगॉंगलाही पोटनिवडणूक होती, दोन्ही लेबरकडेच राहिल्या. तिथे लिबरल लढलेच नाहीत! सरकारची लोकप्रियता मोजायला ऑरेंज हे एकच ठिकाण उरलं होतं. त्यामुळे सगळा जोर, सगळे कॅमेरे, सगळे स्वयंसेवक तिथे. सार्वत्रिक निवडणुकीत हीच माणसं याच मुद्द्यांवर असती तर 50 मतं इकडची तिकडे झाली असती, असं मला वाटतं.

वाळवंटी_उंट

बिनशर्त, 2019 च्या सार्वत्रिक निवडणुकीने तुमच्या शेवटच्या वाक्याचं उत्तर दिलंय. डोनाटोंना नॅशनल्सविरुद्ध 65 टक्के. पोटनिवडणुकीतली चिडचिड असती तर अडीच वर्षांत ओसरली असती. आणि त्याच दिवशी शूटर्सनी बारवॉन आणि मरी या जागाही नॅशनल्सकडून काढून घेतल्या. बारवॉन 1950 पासूनची. तिथे ना कुत्री, ना कौन्सिल, तिथे पाणी. डिसेंबर 2018 आणि जानेवारी 2019 मध्ये मेनिंडीला डार्लिंग नदीत लाखो मासे मेले, नळाला वास मारणारं पाणी, आणि वरच्या अंगाला कापसाच्या मोठ्या जमिनी.

दरम्यान सप्टेंबर 2018 ला वागा वागाची पोटनिवडणूक, 1957 पासून लिबरलकडे असलेली जागा, अपक्ष जो मॅगिर यांनी घेतली. कारण प्रत्येक ठिकाणी वेगळं आणि परिणाम एक, तेव्हा मुळातच काहीतरी सैल झालेलं असतं.

कांचनगंगा

बारवॉन नकाशावर बघितला. हे काय प्रकरण आहे? अर्ध राज्य एका आमदाराकडे?

मतपेटी

44 टक्के. सुमारे 3,56,000 चौ. किमी. महाराष्ट्र 3,07,713 चौ. किमी. आहे आणि आपल्याकडे आमदार 288. तिथे एक. ब्रोकन हिल, कोबार, बर्क, वॉलगेट, नॅराब्राय, सगळं त्याच्या पदरात.

कारण साधं: राज्यात 93 जागा, आणि प्रत्येकीत मतदारसंख्या सरासरीच्या 10 टक्के आतबाहेर. क्षेत्रफळाला सूट नाही. पूर्वी होती. ग्रामीण जागांना कमी मतदार चालायचे. ते झोन प्रीमियर नेव्हिल रॅन यांच्या सरकारने 1979 ला मोडले. क्वीन्सलँडमध्ये अजून वेगळी तजवीज आहे: मतदारसंघ 1 लाख चौ. किमी.पेक्षा मोठा असेल तर क्षेत्रफळाच्या 2 टक्के एवढे काल्पनिक मतदार धरतात. तो नियम बारवॉनला लावला तर 7,120 कागदी मतदार मिळतील, आणि तेवढा भाग दुसऱ्या जागेत ढकलता येईल.

पश्चिमेची वस्ती घटते तशा तिथल्या जागा मरतात. ब्रोकन हिलचंच बघा, कामगार चळवळीचं शहर, त्याच्या नावाची जागा 1999 पर्यंत होती. मग मरी-डार्लिंग, तिथे 2007 पर्यंत लेबरचे पीटर ब्लॅक, नंतर नॅशनल्सचे जॉन विल्यम्स. 2015 ला तीही जागा मोडली आणि शहर बारवॉनच्या ग्रामीण मतांत मिसळलं. मतदार हलला नाही, रेघ हलली. म्हणून 2011 आणि 2015 चे आकडे शेजारी ठेवून "इतका स्विंग" (म्हणजे मतं किती टक्के सरकली) काढणं चूक. आधीच्या निवडणुकीची बूथवार मतं नव्या हद्दीत बसवून काल्पनिक मार्जिन काढावं लागतं, आणि पोस्टल मतांना बूथच नसल्यामुळे तिथे अंदाज येतोच.

शिरपा

मोजणीबद्दल राहिलं. 50 चा फरक असेल तर फेरमोजणीत नक्की काय तपासतात? लोकांना वाटतं मतं पुन्हा मोजतात. मोजतात, पण भांडण तिथे नसतं. उमेदवारांचे स्क्रुटिनीअर (मोजणीवरचे प्रतिनिधी) तीन ढिगांवर नजर ठेवून असतात. पहिला बाद मतांचा: ज्यावर 1 स्पष्ट नाही असं कुणीतरी बूथवर ठरवलं, तो 1 आहे की 7? दुसरा एक्झॉस्टचा: पुढची पसंती खरंच नाही की फिकट पेन्सिलने लिहिलेली नजरेतून सुटली? तिसरा म्हणजे गठ्ठे. एक गठ्ठा चुकून शेजारच्या ढिगात गेला तर फरक दुप्पट पडतो, कारण एकाची मतं कमी होतात आणि दुसऱ्याची तेवढीच वाढतात.

आणि निवडणुकीच्या रात्रीचा "दोघांतला" आकडा हा अंदाज असतो. शेवटचे दोघे कोण असतील हे आयोग मतदानाआधीच ठरवून बूथना सांगतो. सवयीने नॅशनल-लेबर धरलं आणि तिसराच दुसऱ्या नंबरवर आला, तर तो आकडा रद्दीत.

गोदाकाठ

अवांतर: शूटर्स पार्टी 1992 ची, जॉन टिंगल यांनी काढलेली. बंदुकांच्या कायद्याविरोधातली. 1995 ला वरच्या सभागृहात शिरली. तिथे दर निवडणुकीला 21 जागा भरतात, कोटा 4.55 टक्के, त्यामुळे छोट्यांना दार उघडं. 1999 ला तर 264 उमेदवार, मतपत्रिका टेबलक्लॉथएवढी. 'फार्मर्स' हा शब्द नावात 2016 ला आला, ऑरेंजच्याच वर्षी. बंदुकीचा पक्ष शेतकऱ्याचा पक्ष म्हणून गेला नसता तर सफरचंदवाल्याने मत दिलं असतं का, शंकाच आहे.

बिनशर्त

आणि तोच पक्ष विधानसभेत आज शून्य. मरीच्या हेलन डाल्टन मार्च 2022 ला बाहेर पडल्या. पक्षाचे रॉबर्ट बोर्साक सभागृहात त्यांच्याबद्दल मारहाणीची भाषा बोलले. त्यावर बोर्साक यांनी जावं, असं डोनाटो आणि बारवॉनचे रॉय बटलर म्हणाले. ते गेले नाहीत, म्हणून डिसेंबर 2022 ला हे दोघे गेले. मार्च 2023 ला तिघेही अपक्ष म्हणून पुन्हा निवडून आले. म्हणजे मतदाराने पक्ष नव्हे, माणूस निवडला होता. वाळवंटी_उंट यांनी अँड्रेनचं म्हटलंय ते इथेही.

गंमत अशी की अँड्र्यू गी (ज्यांच्या राजीनाम्याने हे रामायण सुरू झालं) त्यांनीही त्याच डिसेंबरमध्ये नॅशनल्स सोडली, 'व्हॉइस'च्या (आदिवासींना संसदेपुढे सल्लागार मंडळ देण्याच्या) मुद्द्यावर, आणि 2025 ला कॅलारे अपक्ष म्हणून राखली. आता ऑरेंजच्या माणसाचा आमदार अपक्ष, खासदारही अपक्ष.

कांचनगंगा

शेवटची शंका, व्यवहारातली. 491 व्हिसावर रीजनल भागात गेलेले बरेच मराठी लोक आता नागरिक होतायत. ऑरेंजसारख्या ठिकाणी मतदान करताना काय जपायचं?

मतपेटी

व्हिसा किंवा पीआरवर (कायम वास्तव्याच्या परवान्यावर) मत नाही, नागरिकत्व हवं. (अपवाद 26 जानेवारी 1984 आधी यादीत असलेल्या ब्रिटिश प्रजाजनांचा.) नागरिक झाल्यावर नाव नोंदवणं सक्तीचं, एकच अर्ज फेडरल, राज्य आणि कौन्सिल तिन्हींना चालतो. पत्ता बदलला की कळवा, नाहीतर जुन्याच मतदारसंघात राहाल. कारण नसताना मत दिलं नाही तर राज्याला दंड 55 डॉलर, फेडरलला 20.

घोळ इथे होतो: राज्याच्या विधानसभेला नुसता 1 चालतो, फेडरलच्या खालच्या सभागृहाला प्रत्येक चौकोनात आकडा हवा. राज्याची सवय घेऊन कॅलारेच्या मतपत्रिकेवर फक्त 1 लिहिलात तर मत बाद. उलट, राज्यात सगळे चौकोन भरले तर काहीच बिघडत नाही, मत शेवटच्या फेरीपर्यंत जिवंत राहतं. तेव्हा दोन्हीकडे सगळे चौकोन भरा. बूथबाहेर प्रत्येक पक्षाचा माणूस हाऊ-टू-व्होट कार्ड हातात कोंबेल. त्यावरचा क्रम ही त्यांची विनंती, नियम नाही.

कांचनगंगा

धन्यवाद. आणि आकडे देवनागरीत लिहिले तर?

शिरपा

पदवीधरला चालतात. ऑस्ट्रेलियात 1, 2, 3 असेच काढा, मोजणाऱ्याला वाचता आले पाहिजेत.